आभार, पूर्ण वाक्यात

३ मार्च

मायना काय लिहावा या विचारात दोन कागद फाडले. 'प्रिय' लिहावं एवढी आपली ओळख नाही. नुसतं 'तुला' लिहिलं तर दम दिल्यासारखं वाटतं. तेव्हा मायना राहू दे.

मी तुझ्या वडिलांची दुसरी बायको. आपण एकदाच भेटलोय, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तू माझ्या लाँड्रीत आली होतीस. तुझा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिने तो सुखासुखी दिलेला नाही, तिच्यावर रागावू नकोस.

सर हॉस्पिटलात आहेत. (लग्नानंतरही मी त्यांना सरच म्हणते. सगळेच म्हणतात.) परवा दुपारी जिन्यावरून पाय घसरला. उजवं मनगट मोडलं, डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. जिवाला धोका नाही. चालतील, पण पाय पहिल्यासारखा व्हायचा नाही असं डॉक्टर म्हणतात.

कळवणं माझं काम होतं, कळवलं. ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. माझं ठीक आहे. खांद्याजवळचं हाड थोडं दुखावलंय म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलंय. दुकान दोन दिवस बंद होतं, आज उघडलं. सरांना पुस्तक अर्धवट राहिल्याचं फार लागलंय. टायपिस्ट मुलगी आता येत नाही.

काळजी करण्यासारखं काही नाही.


१२ मार्च

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. 'ते पडणारे नाहीत. त्यांना कोणी मारलं, आणि तुमचं हाड कशाने दुखावलं?'

मी मारलं. हाड त्यांच्या काठीने दुखावलं.

आता एवढं लिहिलंच आहे तर सगळंच लिहिते. निम्मं तुला माहीत असेल. तेवढं सोडून वाच.

सर माझ्याकडे शर्ट टाकायचे. लाँड्रीवालीशी लोक कसं बोलतात तुला ठाऊक नसेल. पावती फेकतात, घडी उचलतात, बटण तुटलं असेल तर सात पिढ्यांचा उद्धार करतात. जन्मभर लोकांचे डाग काढले, 'बरं धुतलंस हो' असं कुणी चुकूनही म्हटलं नाही. आणि हे गृहस्थ शर्टांचा गठ्ठा छातीशी धरून, मान झुकवून म्हणाले, "मच ऑब्लाइज्ड, मॅडम."

मी विचारलं, "म्हणजे काय हो?"

"म्हणजे मी तुमच्या उपकारांनी बांधला गेलो. मूळ अर्थच बांधणं."

चाळिशीच्या बाईने लाजू नये, पण मी लाजले. मग दर आठवड्याला शर्टांबरोबर एक गोष्ट यायची. 'थँक' हा 'थिंक'चा सख्खा भाऊ, आभार मानणं म्हणजे माणसाला मनात ठेवणं. फार पूर्वी इंग्रज लोक 'ग्रामर्सी' म्हणत, ते त्यांनी फ्रेंचांकडून उचललं आणि त्याच्या पोटात 'मर्सी' आहे, दया. पत्राखाली 'आपला अत्यंत ऋणी, अत्यंत आज्ञाधारक सेवक' असं लिहायचे. मी म्हटलं, "एवढं वाकल्यावर उसण नाही का भरत?" सर खूप हसले. मग म्हणाले, "'आय थँक यू' मधला 'आय' गळाला. पुढे 'यू' गळाला, राहिलं 'थँक्स'. आता पोरं फोनवर तीन अक्षरं ठोकतात. आभार आखूड झाले तशी माणसं आखूड झाली, बाईसाहेब." ते यावरच पुस्तक लिहीत होते. मला वाटलं, इतकी वर्षं आभारांचा विचार करणारा माणूस किती मऊ असेल!

लग्नाच्या आदल्या दिवशी तू आलीस. उभ्या उभ्या म्हणालीस, "तुम्ही शहाण्या दिसता. मग हे का करताय?" मी हसले. तू म्हणालीस, "माझा डावा कान कसा गेला ते विचारा त्यांना." मी विचारलं. लहानपणी ताप डोक्यात गेला, असं ते म्हणाले. मी त्यांचं खरं मानलं. सावत्र आई कोणाला हवी असते, असंही मनात आलं. दुसऱ्या दिवशी तू गाव सोडलंस.

पहिली चपराक लग्नानंतर महिनाभराने. त्यांनी मला छत्री आणून दिली. मी 'थँक्स हं' म्हणाले आणि वळले. कानशिलात बसली तेव्हा मला वाटलं वरून काहीतरी पडलं. "पूर्ण वाक्यात," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. मी पूर्ण वाक्य म्हटलं. मग म्हणाले, "आणि दुरुस्त केल्याबद्दल?" त्याचंही एक वाक्य होतं. 'थँक यू फॉर करेक्टिंग मी, सर.' तुला ते पाठ असणारच.

लोक म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आमच्याकडे तोंड उघडं ठेवावं लागे. तेच तोंड पुढे एकदा त्यांनी बेसिनच्या कडेवर आपटलं. त्यात एक दाढ गेली. तेव्हाही वाक्य म्हणावं लागलं. तोंडात रक्त असताना 'थ' नीट येत नाही. म्हणून पुन्हा.

पंधरा वर्षं मी का राहिले हे विचारू नकोस. लग्नानंतर लाँड्री त्यांच्या घराखाली आणली. वर घर, खाली दुकान. दुकान माझं, जागा त्यांची. आणि खरं सांगायचं तर चांगल्या दिवशी ते अजूनही माझ्या हातून चहाचा कप घेताना मान झुकवायचे. माणूस कशावर जगेल सांगता येत नाही.

मग पुस्तक टाइप करायला ही मुलगी आली. विशीची. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. सर तिला परदेशातल्या कॉलेजसाठी शिफारस देणार होते. पहिल्याच दिवशी मी ऐकलं, "थँक्स, सर!" माझ्या हातातली इस्त्री थांबली. आठवडाभरात तिची बोटं सुजलेली दिसली. "बसच्या दारात सापडली," म्हणाली. मी म्हटलं, "बसचं दार पट्टीच्या कडेएवढं बारीक असतं का गं?" तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "येऊ नकोस." ती म्हणाली, "फक्त दोन प्रकरणं राहिलीत, काकू."

त्या दुपारी मी खाली ब्लँकेटं पिळत होते. मशीन थांबलं आणि वरचं ऐकू आलं. धप्. मग त्यांचा आवाज. मग धप्. मी वर गेले. अभ्यासिकेला आतून कडी. दाराच्या काचेतून दिसत होतं. मुलगी टेबलाखाली शिरायला बघत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि ते पितळी मुठीची काठी उलटी धरून तिच्या पाठीवर मारत होते, गादी झोडपावी तसं. प्रत्येक फटक्यानंतर थांबून विचारायचे, "काय म्हणायचं?" ती 'थँक यू सर, थँक यू सर' म्हणत होती. ते म्हणाले, "कशाबद्दल? पूर्ण वाक्यात."

कोपराने काच फोडली, हात घालून कडी काढली. कोपरात काचा गेल्या ते नंतर कळलं. मी मध्ये पडले, तेव्हा काठी माझ्या खांद्यावर बसली. हाड वाजलं. मी काठी धरली. ते ओढत होते, मी ओढत होते, दोघंही म्हातारे, बघणाऱ्याला हसूच आलं असतं. काठी माझ्याकडे आली. त्यांनी मुलीचे केस धरायला हात लांब केला आणि मी काठीची मूठ त्या मनगटावर घातली. लाकडी हँगर मोडल्यासारखा आवाज आला. ते पडले. पडताना गुडघा टेबलाच्या लोखंडी पायावर आपटला.

मुलगी चप्पल न घालता पळाली. अँब्युलन्स मीच बोलावली.

जिन्याचं खोटं यासाठी लिहिलं की पत्र कोणाच्या हाती पडेल याची खात्री नव्हती. आणि तू माझी कोण, हेही ठाऊक नव्हतं.


३० मार्च

तू उत्तर दिलं नाहीस. तरी लिहिते, कारण आता काम आहे.

सरांनी तक्रार दिली आहे. बायकोने दुकानाची जागा नावावर करून मागितली, नाही म्हटल्यावर हल्ला केला. टायपिस्ट? ती त्या दिवशी आलीच नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर पंचवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेला. निम्मं पोलीस ठाणं त्यांचे विद्यार्थी. साहेबांनी माझा जबाब घेताना म्हटलं, "सरांनी आम्हाला बोलायला शिकवलं हो." मी म्हटलं, "मलाही."

मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं. "आमची पोरगी तिथे कधी आलीच नाही," म्हणाली. आतून मुलगी दिसत होती, पालथी झोपलेली. मी परत फिरले. तिची आई काही वाईट नाही. माझी मुलगी असती तर मीही दार अर्धंच उघडलं असतं.

सोमवारी दुकान फोडलं. भरदुपारी. तुझा चुलतभाऊ, त्याच्या मागे सहा-सात जण, सगळे चांगल्या कपड्यांतले. त्यातल्या दोघांचे सूट मीच ड्रायक्लीन करते. सळईने काच, मग मशीनची दारं. मी काउंटरच्या मागे होते. तुझ्या चुलतभावाने माझी मान धरून तोंड इस्त्रीच्या टेबलावर दाबलं. इस्त्री शेजारीच, गरम. तो ती उचलून माझ्या गालाजवळ आणून म्हणाला, "काकांवर हात उचलतेस?" वाफेने डोळा मिटला. भाजलं नाही त्याने. खाली ठेवली ती लोकांच्या कपड्यांवर. कापड धुमसायला लागल्यावर सगळे शांतपणे बाहेर पडले. समोरचा चावीवाला पाणी घेऊन धावला म्हणून घर राहिलं.

मग निरोप आला, सरांना भेट, मिटवू. गेले. वकील म्हणाले होते जाऊ नका. तरी गेले. इतकी वर्षं हाक आली की जायची सवय.

हात प्लास्टरात, पाय वर टांगलेला. नर्स सलाईन बदलत होती. सर म्हणाले, "मी तक्रार मागे घेतो. दुकान सोड, गाव सोड. तुला तुरुंगातून वाचवतोय मी. कळतंय का?"

"कळतंय."

"मग? काय म्हणायचं?"

घशापर्यंत वाक्य आलं होतं, खोटं नाही सांगत. जीभ टाळूला लागलीसुद्धा. तेवढ्यात नर्स म्हणाली, "बाई, बसा ना, उभ्या का?" आणि वाक्य तिथेच राहिलं.

"काय म्हणायचं?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हाताने स्टीलचा तांब्या फेकला. नेम चुकला नाही. भुवईच्या वर टाके पडले, त्याच नर्सने घातले. टाके घालताना ती एकदाच म्हणाली, "मी साक्ष नाही देणार हं, मला नोकरी आहे." मी म्हटलं, "मी कुठे मागितली?"

पण तुझ्याकडे मागते आहे. तुझ्या कानाचे कागद असतील तर आण. नसतील तर तशीच ये. ज्या बाईने तुझं ऐकलं नाही तिच्यासाठी यावं असं तू काही देणं लागत नाहीस. आंधळा मागतो एक डोळा, मी कान मागते आहे. तारीख पडली की कळवीन.


१८ नोव्हेंबर

हे पत्र तुरुंगातून. इथे पत्रं वाचून मग पुढे पाठवतात, तेव्हा वाचणाऱ्या ताईंनाही नमस्कार.

तू साक्ष देऊन लगेच बाहेर गेलीस, माझं बोलणं झाल्यावर एकदाच दारात भेटलीस. आत काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत कळलं असेल. माझ्याकडून सरळ ऐक.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी मागे वळूनही पाहिलं नाही. मग तू त्या पिंजऱ्यात उभी राहिलीस, न्यायाधीशबाईंकडे उजवा कान करून. सर चाकाच्या खुर्चीत होते. त्यांचा चेहरा तू पाहिला नाहीस, तू मुद्दाम पाहत नव्हतीस. मी पाहिला. आधी त्यांना आनंद झाला. खरंच. त्यांना वाटलं, लेक बापासाठी आली.

तू सांगितलंस. तेरा वर्षांची होतीस, वाढदिवसाला पेन दिलं, तू नुसती हसलीस, म्हणून मारलं. कानातून पाणी आल्यासारखं वाटलं, ते रक्त होतं. मग त्यांनी विचारलं, काय म्हणायचं? तू पूर्ण वाक्यात म्हणालीस, एकही चूक न करता. आणि ते म्हणाले, ऐकू आलं नाही. पुन्हा त्याच कानावर मारलं.

सरांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही आभार मानल्यावरही मारलं, असं तुमचं म्हणणं आहे का?" तू म्हणालीस, "मानल्यावरच. आभार मानेपर्यंत ते शिकवणं होतं. त्यानंतरचं काय होतं ते त्यांना विचारा."

त्यानंतर माझी पाळी आली. माझ्या वकिलांनी मला घोटून घोटून पढवलं होतं. एकच फटका, मुलीला वाचवायला, मनगटावर. गुडघा पडताना आपटला. तुलाही मी तेच लिहिलं होतं. ते खरं नाही.

मनगट मोडल्यावर ते खाली बसले. मुलगी पळाली होती. कुणाला वाचवायचं राहिलं नव्हतं. ते हात पोटाशी धरून म्हणाले, "पुरे गं, पुरे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं साधं, आपल्या माणसासारखं काही मी ऐकलं नव्हतं. तिथे थांबायला हवं होतं. मी विचारलं, "काय म्हणायचं?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "थँक यू." हळू, लहान मुलासारखं. आणि मग मी त्यांच्या गुडघ्यावर मारलं. पूर्ण ताकदीने. वाटी फुटल्याचं मला मुठीत कळलं. आणि बरं वाटलं. ते सगळ्यात वाईट.

तुझं ऐकल्यावर मला 'आपटला' म्हणता आलं नाही. तू त्या कानाचं सांगून गेलीस आणि मी त्याच वाक्यानंतर मारलेला फटका टेबलाच्या पायावर ढकलणार? हे सगळं मी न्यायाधीशबाईंना असंच सांगितलं. माझ्या वकिलांनी डोक्याला हात लावला. बाईंनी दोनदा विचारलं, "तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?" मी म्हटलं, "कळतंय, म्हणूनच बोलतेय."

पहिल्या फटक्याची शिक्षा नाही. दुसऱ्याची वर्षभराची. मला रास्त वाटली.

दारात तू म्हणालीस, "सुटल्या असतात. का सांगितलंत?" मला पोलीसबाई ओढत होती, नीट बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "तू आलीस म्हणून." तू म्हणालीस, "मी तुमच्यासाठी नाही आले." मी मान हलवली. मग जाता जाता म्हणालीस, "आणि आभार मानू नका."

पुढचं तुला कळवायला हवं. तू गेल्यावर दोन दिवसांनी त्या टायपिस्ट मुलीची आई पोलिसात गेली, मुलीला घेऊन. पाठीचे फोटो त्यांनी तेव्हाच काढून ठेवले होते. तुझं बोलणं कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवलं. आता सरांवर खटला आहे. तुझा चुलतभाऊ दुकानाच्या प्रकरणात जामिनावर आहे. सर त्याच्याकडे राहतात. त्याची बायको मावशीला म्हणाली, घरात कुणी त्यांच्याशी बोलत नाही, जेवणाचं ताट ठेवतात आणि बाहेर येतात. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

इथलं सांगते. पहिल्या आठवड्यात एकीने मला न्हाणीघरात भिंतीवर आपटलं, बादलीवरून. मी सवयीने तोंड उघडलं, दुरुस्त केल्याबद्दलचं ते वाक्य म्हणायला. ती घाबरून मागे सरली, तिला वाटलं मी चावणार. आता जरा बरं आहे. माझ्या शेजारी एक बाई झोपते, नवऱ्याला विष घातलेली, सगळे तिला आत्याबाई म्हणतात. परवा मला थंडी वाजून आली तर तिने आपलं पांघरूण काढून माझ्यावर टाकलं. मी काहीतरी म्हणायला गेले आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली, डोळे मिटले. फटका आला नाही. डोळे उघडले तर ती विचारत होती, "काय गं, कशाला वाट बघतेस? झोप." मी सरकून तिला जागा केली. ती पांघरुणात शिरली. तिचे पाय बर्फासारखे गार होते.

तू म्हणालीस तसं, आभार मानत नाही. तुझ्या वडिलांचे सगळे शब्द मला येतात, लांबही आणि आखूडही, पण त्यातला एकही तुला पाठवावासा वाटत नाही.

रविवारी भेटायला सोडतात, दहाच्या पुढे. फाटकावर ओळखपत्र मागतात. नातं विचारलं तर काय सांगायचं ते तूच ठरव.

आलीस, बरं झालं.